बहिरमच्या जत्रेतलं गेमचं मशीन: गंजलेला पत्रा, घासलेलं तोंड आणि कॉइन डोअर

परतवाडा_कानस (९ मार्च)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण एकदा पत्र्यावर हात पडला की मागं फिरता येत नाही.

बहिरमची जत्रा म्हटलं की लोकांना हंडीतलं मटण आणि रोडगे आठवतात. मला आधी आठवतो तो धुरानं काळा पडलेला एक तंबू. आत तीन मशिनी, बाहेर जनरेटर आणि 'मुस्तफा' खेळायला लागलेली पोरांची रांग. कॅपकॉमचा १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' तो. पण त्या नावानं आपल्याकडं तो कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही.

त्या तीनपैकी एक मशीन गेल्या दिवाळीत मला मिळालं. मालक आता थकलेत. चांदूर बाजाराकडं त्यांच्या गोठ्यात ते बारा-तेरा वर्षं उभं होतं, वर सरकीच्या ढेपेची पोती आणि शेजारी दोन म्हशी. प्लायवूड खालची वीतभर सोडली तर शाबूत आहे. पिक्चर ट्यूब आणि बोर्डाचं नंतर पाहू, इथं फक्त धातूचं विचारतो.

पैसे टाकायचं लोखंडी दार, म्हणजे कॉइन डोअर, खालून चार बोटं गंजानं फुगलंय. बिजागरी जाम. नाण्याच्या फटीचं तोंड कोणीतरी कानशीनं घासून वाकडं करून ठेवलंय, ते भरून सरळ करावं म्हणतो. आत नाणं तपासायची जी यंत्रणा असते तिच्यात एक खाचा रिकामा आहे, तिथला भाग हरवलाय.

कंट्रोल पॅनल १६ गेजच्या पत्र्याचं. मूळ बटणांशेजारी छिन्नीनं आणखी तीन भोकं पाडलीत, बहुतेक स्ट्रीट फायटर बसवायला, कारण त्याला सहा बटणं लागतात. डाव्या मनगटाच्या जागी रंग पूर्ण गेलाय आणि पत्रा चकचकीत झालाय.

शिवाय जॉयस्टिकचे दोन दांडे आणि एका डब्यात चाळीसेक पितळी टोकनं. त्यातली बरीच तडकलीत.

माझा बेत असा: सगळं सुटं करायचं, अॅसिडनं धुवायचं, अमरावतीला पावडर कोटिंग करून घ्यायचं. नव्यासारखं दिसलं पाहिजे. काही चुकतंय का?

लेथवाला_वणी (९ मार्च)

चुकतंय भाऊ. काहीही अॅसिडमध्ये टाकू नका आणि कोटिंगवाल्याकडंही इतक्यात जाऊ नका. आधी एक चुंबक घ्या आणि एकेका तुकड्याला लावून पाहा.

चिकटलं ते लोखंड. दार, पॅनल, पट्ट्या, बोल्ट यातच येतील. नाही चिकटलं आणि हाताला जड लागलं तर बहुधा मझाक, म्हणजे जस्ताचं ओतकाम. पैसे परत घ्यायची बटणं, नाण्याच्या यंत्रणेची बॉडी, कुलपाची कड हे सहसा मझाकचं असतं. खात्री हवी असेल तर आतल्या बाजूला कानशीचा एक हलका फटकारा मारा. पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर मझाक. हे वेगळं काढल्याशिवाय एकही डबा भरू नका.

मझाकला अॅसिड म्हणजे मिठाला पाणी. फेस येतो, आपल्याला वाटतं मळ निघतोय, प्रत्यक्षात वस्तूच विरघळत असते. कोटिंगच्या भट्टीतही त्याची गडबड होते. पावडर पिकायला १८० ते २०० अंश लागतात. ओतकामात अडकलेली हवा तेव्हा फुगते आणि रंगाखाली पापडासारखे फोड येतात. एका जुन्या वजनकाट्याची मझाकची पाटी मी अशीच घालवली. ती ज्यांची होती त्यांच्या वडिलांच्या हातची होती. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं.

आणि वेल्डिंगवाल्याला मझाक दाखवूही नका. ३८०-३९० अंशांना ते पाणी होतं. तुटलं असेल तर आतून पितळी पट्टी लावून बारीक स्क्रूनं धरा, किंवा दोन भागांचं इपॉक्सी.

रसायन_मॅडम (१० मार्च)

वणीच्या दादांशी सहमत. माझ्याकडून लोखंडापुरतं सांगते. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांसोबत हे दरवर्षी करते, म्हणून खात्रीनं लिहिते.

संडास साफ करायचं अॅसिड लोक सर्रास वापरतात. ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. त्याची वाफ खोलीभर पसरते आणि आठ दिवसांत तुमच्या पान्यांवर, पक्कडीवर, शिवणयंत्रावर सगळीकडं गंज दिसतो. घरात ते नकोच.

त्याऐवजी प्लॅस्टिकचा टब, पाणी आणि धुण्याचा सोडा. चार लिटरला एक मोठा चमचा पुरे. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज करायचा १२ व्होल्टचा चार्जर घ्या. गंजलेली वस्तू ऋण टोकाला, भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. विजेचा परिणाम समोरासमोरच्या बाजूवर जास्त होतो, म्हणून लोखंडाचे तुकडे चारी बाजूंनी लावले तर बरं. रात्रभर ठेवलं की सकाळी गंजाचा काळा चिखल होऊन घासणीनं निघतो, आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. मला ही पद्धत आवडते ती याच कारणासाठी.

वस्तूवरून हायड्रोजन निघतो, तेव्हा टब अंगणात ठेवा आणि जवळ विडी-काडी नको. तारांना हात लावायच्या आधी चार्जर बंद करा. रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, ओल्या पाणकागदानं घासा आणि मुलांना लांब ठेवा.

परतवाडा_कानस (१० मार्च)

मॅडम, धन टोकाला स्टीलचं जुनं ताट लावलं तर चालेल का? ते गंजणार नाही, पुन्हा पुन्हा वापरता येईल.

रसायन_मॅडम (१० मार्च)

नाही, अजिबात नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं आणि या टबात त्याचं सहासंयुजी क्रोमियम होऊ शकतं. ते विषारी आहे, कर्करोग करणारं आहे. पाणी पिवळं दिसायला लागतं आणि ते ओतायचं कुठं हा प्रश्न उभा राहतो, कारण आपल्या प्रत्येकाच्या अंगणाजवळ विहीर असते. साध्या सळईचे तुकडे वापरा. झिजले की बदला.

दोन गोष्टी राहिल्या. स्प्रिंगा आणि जॉयस्टिकच्या दांड्यावर असते ती छोटी पकड-चकती या टबात टाकू नका, अॅसिडमध्येही नको. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. त्या हातानं तेल-घासणीनं साफ करा. आणि पाणी बोअरचं खारट असेल तर वापरू नका, धुवायलासुद्धा. क्षारानं वस्तू वाळता वाळता पुन्हा तांबूस होते.

खारपाणपट्टा (११ मार्च)

मॅडम, आमच्या इकडचं पानी तं भाजीलेबी चालत नाई, लोखंडाले काय चालन. पावसाचं धरून ठेवेल हाये ते वापरतो आमी.

मी ह्या धाग्यावर वेगळ्याच गोष्टीसाठी आलो. भाऊ, ते कॉइन डोअरचं तोंड कानशीनं घासेल हाये न, ते भरू नका. ते खराब नाई झालं, ते मुद्दाम केलेलं काम हाये. मी लहानपनी चार वर्षं अशाच मशिनीईच्या मांगं राबलो. बहिरम, मंग शेगाव, मंग जिथं मालक नेईन तिथं.

ह्या दारातली यंत्रना अमेरिकेच्या क्वार्टरसाठी राहे. ते नानं २४.२६ मिलिमीटरचं. आपला १९९२ नंतरचा रुपया २५ मिलिमीटरचा. पाऊन मिलिमीटरनं तोंडातच अडके. म्हून कानस मारा लागे, तेबी जास्त नाई, नाई तं नानं आत तिरपं होये.

दुसरं, त्याच्यात एक चुंबक राहे, लोखंडाच्या खोट्या चकत्या पकडाले. क्वार्टर तांब्या-निकेलचं, ते चुंबकाले चिकटत नाई. आपला रुपया स्टेनलेसचा, पन चिकटनारा. म्हंजे पोरानं खरा रुपया टाकला तरी मशीन त्याले खोटा समजे. पोरगं रडे, आमी दार उघडून रुपया काढून देओ. दोन दिवस असं झालं का मालक चुंबकच काढून टाके. तुमच्या यंत्रनेत जो खाचा रिकामा हाये तो त्याचाच. तो भाग हरवला नाई, काढला हाये.

वजनाचंबी तसंच. क्वार्टर ५.६७ ग्रॅमचं, रुपया ४.८५चा. आत एक झुलता पाळना हाये, हलकं नानं आलं का तो हालतच नाई. त्याचं वजन कमी करा लागे. पाहा बरं, तुमच्या पाळन्याच्या शेपटावरबी कानशीची खून असन.

परतवाडा_कानस (११ मार्च, रात्री)

आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. आहे. पाळण्याच्या शेपटावर तीन फटकारे, एकसारखे, एकाच तिरपेत. नंतर कड बोथटसुद्धा केलीय, हाताला लागू नये म्हणून.

मी हे सगळं लांबी भरून सरळ करणार होतो. तोंड तसंच ठेवतो.

लेथवाला_वणी (१२ मार्च)

खारपाणपट्टावाले भाऊ, तुमचे उपकार. मलाही हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी अशा खुणा दिसल्या की 'कोणीतरी बिघडवलंय' असंच म्हणत आलो. इथून पुढं कोणतीही घासलेली कड दिसली की आधी विचारीन की ही का घासली असेल.

पॅनलची भोकं मात्र वेगळी गोष्ट. छिन्नीनं पाडलेल्या भोकाची कड फाटत जाते, ती बंद करावीच लागेल. त्याच जाडीच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापा, भोकात घट्ट बसतील अशा. मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा, ती उष्णता ओढून घेते आणि पत्रा जळत नाही. मग टाके मारा. एक इकडं, एक समोर, मधे थंड होऊ द्या. सलग ओढलं तर पॅनलचा तवा होईल. शक्यतो मिग वेल्डिंगवाला शोधा, साध्या आर्कवर एवढा पातळ पत्रा सांभाळायला फार तयार हात लागतो. जस्त चढवलेला पत्रा असेल तर आधी कडेचं जस्त घासून काढा. त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

नवी बटणं घेण्याआधी भोक मोजा. अमेरिकन बटणाला साधारण २८ मिमी लागतं, जपानी मोठ्याला ३०. दोन मिलिमीटरसाठी भोक वाढवून बसलात की परतीचा रस्ता नाही.

पुलगावकर (१४ मार्च)

तडकलेल्या टोकनांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ती कोणी ठोकून तडकलेली नाहीत. तुमच्या म्हशींमुळं तडकलीत.

जनावरांच्या मुतातून अमोनिया निघतो. ज्या पितळेत जस्त बऱ्यापैकी असतं आणि जे ठोकून-दाबून घडवलेलं असतं, त्याच्या अंगात ताण राहिलेला असतो. अमोनिया आणि ओल मिळाली की ते आपोआप चिरतं. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जायची आणि ती अशीच तडकायची. पावसाळ्यातच होतं म्हणून त्याला ऋतूवरून नाव पडलं, 'सीझन क्रॅकिंग'. कारण अमोनिया आहे हे १९२१ साली नीट मांडलं गेलं. आमचं गाव दारूगोळ्याच्या भांडाराचं, त्यामुळं ही गोष्ट लहानपणापासून कानावर आहे.

तडकलेलं सांधू नका, पुढं पुन्हा चिरेल. जी शाबूत आहेत ती आजच गोठ्यापासून लांब न्या, साध्या पाण्यानं धुवा, कोरडी करा. कुलपाची पितळी जीभ आणि बटणांचे पितळी संपर्कही तपासा, तेही त्याच हवेत होते.

पितळी_भंडारा (१४ मार्च)

शाबूत टोकनांना बफ मारू नका एवढंच माझं सांगणं. आमच्याकडं भांड्याला चमक देणं हा पिढ्यांचा धंदा, पण भांडं जाड असतं. टोकनावरचा ठसा पाव मिलिमीटरचाही नसतो. एकदा बफ फिरला की अक्षरं गेली. चिंचेचं पाणी दोन मिनिटं, लगेच धुणं, सुती कापड. बस.

सोल्डर_धामणगाव (१७ मार्च)

टीव्ही दुरुस्तीत माझी पंचवीस वर्षं गेली. तुम्ही सगळे पत्र्याच्या दिसण्याबद्दल बोलताय. मला तो पत्रा पोराच्या हाताखाली असतो याची काळजी आहे.

पहिलं, ट्यूबची फ्रेम गंजली म्हणून घाईनं काढायला जाऊ नका. त्या ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो टिकून राहतो. ज्याला डिस्चार्ज करता येतं त्यालाच बोलवा.

दुसरं, रंग. पावडर कोटिंग वीज अडवतं. जुनं पॅनल उघड्या पत्र्यावर स्क्रूनं अर्थला, म्हणजे जमिनीत जाणाऱ्या तारेला, जोडलेलं होतं. तुम्ही सगळीकडून छान रंगवलंत, स्क्रू रंगावर बसला, की अर्थ संपला. आत एखादी तार सुटली तर अख्खं पॅनल जिवंत, आणि त्यावर घामेजलेले हात. म्हणून रंगायला देण्याआधी अर्थच्या जागेवर उष्णता सोसणारी टेप लावा, आट्यांमध्येही. नंतर दात्यांचं वायसर घालून कसा, आणि मीटर लावून पाहा. प्लगच्या अर्थच्या पिनेपासून दारापर्यंत, तिथूनच पॅनलपर्यंत रोध एक ओमच्या आत आला पाहिजे. बिजागरीवर भरवसा नको, दाराला वेगळी वेणीची तार द्या.

आणि घराचा अर्थ तरी खरा आहे का ते बघा. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते आणि अर्थच्या सळईला मातीच धरत नाही. खड्ड्यात पाणी घालत राहा. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवल्याशिवाय मुलांना मशीनला हात लावू देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो.

परतवाडा_कानस (२ एप्रिल)

सगळ्यांचं वाचून काम सुरू केलं. दार दोन रात्री टबात होतं. खालच्या कडेला गंज आरपार गेला होता, तेवढी पट्टी कापून नवी जोडली. बिजागरी डिझेलमध्ये तीन दिवस ठेवल्यावर सुटली. मझाकची बटणं फक्त साबणाच्या कोमट पाण्यानं आणि दाताच्या जुन्या ब्रशनं.

अडलोय ते पॅनलवर. भोकं बुजली. पण डाव्या मनगटाची ती चकचकीत जागा रंगवायला हात होत नाही. शेकडो पोरांनी मनगट टेकून झिजवलेली आहे ती, त्यात माझंही असेल. ठेवावी का?

रसायन_मॅडम (२ एप्रिल)

भावना समजते. पण उघडं लोखंड आणि घामातलं मीठ एकत्र आलं की जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तिथं गंज येणार. इतकी वर्षं गंजलं नाही कारण रोज हात फिरत होते. आता फिरणार नाहीत. रंगवा.

लेथवाला_वणी (३ एप्रिल)

मॅडम, तुमचा आदर ठेवून सांगतो, मी रंगवणार नाही. बाकी पॅनल रंगवा, तेवढी जागा झाकून. मग तिथं मेण. मेळघाटातलं मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ घासायचं, सुकलं की कापडानं चोळायचं. माझ्या लेथच्या जुन्या मोजपट्ट्या असेच बारा पावसाळे निघाल्या.

रसायन_मॅडम (३ एप्रिल)

मेण चालेल, पण ते दर महिन्याला लावावं लागेल आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला. विसरणार नाही असं वचन देणार असाल तर माझी हरकत नाही.

परतवाडा_कानस (१९ मे)

मॅडम, वचन. कॅलेंडरवर खुणा केल्यात.

दार पावडर कोटिंगला दिलं, बारीक दाण्याचा काळा. टेप मी स्वतः लावून नेली आणि कोटिंगवाल्या दादांना कारण समजावून सांगितलं. पॅनल घरीच रंगवलं. पहिला हात दुपारी दोनला मारला ती चूक झाली. ४५ अंशांत थिनर हवेतच उडून गेला आणि रंग पत्र्यावर भुकटीसारखा बसला. सगळं घासून पुन्हा पहाटे पाचला मारला, मग नीट बसला. अर्थ ०.३ ओम आला. आरसीसीबी बसवलं.

काल मालकांना घरी आणलं. त्यांना आता कमी दिसतं. त्यांनी दारावर हात फिरवला, फटीच्या तोंडावर अंगठा थांबला आणि म्हणाले, "हे मीच घासलं होतं, पहिल्या सालच्या जत्रेत, कंदिलाच्या उजेडात." मग बराच वेळ ते तिथंच बसून होते.

आता एक अडचण. २०११ नंतरचा रुपया २२ मिलिमीटरच्याही आतला, तो या तोंडातून सरळ खाली पडून परत येतो. यंत्रणा मी बदलणार नाही. मोठा जुना रुपया, २५ मिलिमीटरचा, कोणाच्या आजीच्या डब्यात, देवघरात पडला असेल तर कळवा. बदल्यात चालू नाणी देईन. सध्या माझ्याकडं अकरा आहेत.

खारपाणपट्टा (१९ मे)

मायजवळ गाडग्यात पन्नासेक हायेत. रविवारी परतवाड्याले येतो. पन पहिला रुपया मी टाकीन.